उंब्रज ठीक, कॉपी?

आमचे शेजारी सुभेदार दिनकरराव जाधव कुणालाही भेटले की "काय, बरं आहे का?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "कॉप्या किती?"

मी उंब्रजला राहायला आलो तेव्हा पहिल्याच सकाळी कुंपणावरून हा प्रश्न आला. मी निवृत्त मास्तर. तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात पोरांच्या बाह्या, मोजे आणि कंपासपेट्या तपासून कॉप्या पकडण्यात घालवलेली. मला वाटलं, हा गृहस्थ माझी टर उडवतोय. मी ताठ्यातच म्हणालो, "एकही नाही. माझ्याकडे कॉपी चालत नाही."

सुभेदारांनी कपाळावर हात मारला. "एकबी न्हाई? आवं मास्तर, मग उद्या आग लागली तर काय करनार तुमी?"

खुलासा व्हायला आठवडा गेला. सुभेदार फौजेत बिनतारी संदेशाच्या पलटणीत होते. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं त्यांनी उसाला पाणी पाजलं आणि कंटाळले. मग एकदा चष्म्याचा नंबर काढायला सांगलीला लेकाकडे गेले आणि चष्म्याऐवजी एक काळा डबा घेऊन आले. बुटाच्या खोक्याएवढा. आत दोन डिस्क, बाहेर हिरवे-तांबडे दिवे. घरातल्या सगळ्या मोबाइलमधले फोटो, कागद, जे काही असेल त्याची कॉपी, म्हणजे जादा प्रत, आपोआप त्या डब्यात जाऊन बसायची. चष्मा अजून जुनाच आहे.

त्या डब्याचं नाव 'उंब्रज चौकी'. दोन डिस्क म्हणजे दोन जवान. "एक पडला तर दुसरा हुभा," सुभेदार सांगायचे. डब्याला स्वतंत्र इन्व्हर्टर, स्वतंत्र पंखा आणि स्वतंत्र खोली. ती खोली पूर्वी काकूंची, म्हणजे सुभेदारांच्या बायकोची, देवाची होती. देव आता फ्रिजवर असतात. सकाळी चौकीचं काम चालू असताना घरात मिक्सर लावायला बंदी. "व्होल्टेज हलतंय," म्हणे. काकू चटणी पाट्यावर वाटतात आणि वाटता वाटता जे बोलतात ते कुंपणापलीकडे आम्हाला स्वच्छ ऐकू येतं.

आता एवढा जामानिमा करून त्या डब्यात ठेवलं होतं काय? तर लाइट बिलाचे फोटो. म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर. गल्लीतल्या सगळ्यांची रेशनकार्डं. काकूंच्या लिंबाच्या लोणच्याची कृती तीन ठिकाणी जपून ठेवलेली. लोणचं मात्र एकच बरणी होती, ते श्रावणातच संपलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कवायत असायची. सुभेदार मुद्दाम एखादी फाईल पुसून टाकायचे, शिट्टी फुंकायचे आणि ती परत काढून दाखवायचे. एकदा शिट्टी आधी फुंकली आणि पुतणीच्या लग्नाचे सगळे फोटो चुकून दोन्ही जवानांवरून गेले. माणूस अर्धा तास पांढराफटक. अखेर तिसरी कॉपी सापडली आमच्या घरात, तांदळाच्या डब्यात. तांदूळ दमटपणा ओढून घेतो म्हणून ती डिस्क सुभेदारांनी आमच्या हिला न विचारता तिथे पुरून ठेवली होती. हिनं त्या दिवशी त्यांना जे सुनावलं त्याची कॉपी कुणी ठेवली नाही हे नशीब.

"पर एक कॉपी लांब पायजे," ते नेहमी म्हणायचे. "समदं एकाच गावात ठिवलं आन् नदीचं पानी आलं तर? लांब पायजे. वडूजसारखी."

वडूजचं नाव घेतलं की सुभेदार पुढचं बोलायचे नाहीत.

वडूजला बिरू खरात असतात. बिरू हवालदार. दोघं एकाच पलटणीत, एकाच वायरलेसच्या दोन टोकांना. सुभेदार खालच्या तळावर, बिरू वर बर्फातल्या चौकीत. रोज पहाटे खालून हाक जायची आणि वरून "कॉपी" असं उत्तर यायचं. फौजेच्या भाषेत कॉपी म्हणजे 'ऐकलं'. ते आलं की सुभेदार चहा प्यायचे. अशी सात वर्षं. निवृत्तीनंतर एक उसात आला, दुसरा माणदेशाकडच्या कोरड्या रानात मेंढरांकडे परतला, पण दोस्ती पक्की राहिली. सुभेदारांनी डबा घेतल्यावर तसाच दुसरा बिरूच्या घरी बसवला. दोन्ही डबे इंटरनेटवरून एकमेकांशी जोडलेले. इथं टाकलेलं तिथं जायचं, तिथलं इथं यायचं.

मग बिरूची सून सुनीता सरकारी परीक्षा पास झाली. कागदपत्रं तपासायची वेळ आली आणि नेमके दाखले गहाळ. नव्या प्रती काढायला जुने नंबर हवेत. ते सगळे सुभेदारांनी डब्यात जपलेल्या कॉप्यांत निघाले. पोरीची नोकरी वाचली, हे खरंच. वडुजात तिचा सत्कार ठरला. सुभेदार मला 'तुमी शिकलेली मानसं' म्हणून सोबत घेऊन गेले. आम्ही दोघं स्टेजवर शेजारी शेजारी, गळ्यात हार, डोक्याला फेटे.

सुभेदार माइकसमोर उभे राहिले. सावधानमध्ये. आणि छाती भरून म्हणाले, "सूनबाई पास झाली, ह्यात माझाबी वाटा हाय. पयल्या पेपरापास्नं शेवटच्या पेपरापतुर, हिची समदी कॉपी माझ्याकडनं आली!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा मांडव फुटला. सुभेदारांना वाटलं, लोक खूश झाले. त्यांनी वाक्य परत म्हटलं. जोरात.

पेपर म्हणजे कागद आणि कॉपी म्हणजे प्रत, हे घरची माणसं सोडली तर त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. मी उठून दोन वाक्यं बोललो असतो तर संपलं असतं. मी काय केलं? फेट्याचा शेमला तोंडावर धरून मी सगळ्यात जास्त हसलो. तीस वर्षांच्या नोकरीत इतकी जाहीर कबुली मी ऐकली नव्हती! उंब्रजला आल्यावर स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर तो किस्सा मी महिनाभर नकलेसकट सांगितला. लोक फर्माईश करायचे.

तिकडे कुणीतरी तक्रारीचा अर्ज ठोकला. चौकशी लागली. सुनीताची ऑर्डर चार महिने अडकली. शेवटी ती निर्दोष सुटली, नोकरीवर रुजू झाली, पण त्या चार महिन्यांत बिरूनं सुभेदारांचा एकही फोन उचलला नाही. पुढेही नाही. पावणेदोन वर्षं झाली.

"तुमचा डबा तरी परत मागा," मी एकदा म्हटलं.

"त्यो आनून दील तर घीन."

तिकडून बिरूचा निरोप असा की, त्यानं मागितला तर देईन. म्हणजे डबा तिथंच. आणि चालू. सुभेदारांच्या खोलीत भिंतीवर एक छोटा दिवा होता. वडूजचा डबा चालू असला की हिरवा. रोज सकाळी सहाला सुभेदार अंघोळ करून, टोपी घालून त्याच्यापुढं उभे राहायचे, कॉम्प्युटरवर एका बोटानं काहीतरी टाइप करायचे, पाठीनं पडदा झाकायचे आणि म्हणायचे, "वडूज ठीक." मग चहा. मी विचारलं, काय टाइप करता? "गोपनीय." मी हेही टपरीवर सांगितलं. माणसाला दिव्याशी बोलताना बघितलंय का कुणी?

परवा बुधवारी तो दिवा तांबडा झाला.

गुरुवारीही तांबडा. शुक्रवारी सकाळी काकू कुंपणाशी आल्या. "आवं मास्तर, ह्यांनी तीन दिस चा घेतला न्हाई. मिक्सर लाव म्हनत्यात. मला भ्या वाटाय लागलंय."

मी आत गेलो. सुभेदार दिव्यासमोर स्टुलावर बसलेले, टोपी मांडीवर. "डेटाचं काय न्हाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "डेटा हाय माझ्याकडं. पर मास्तर, बिरू डबा बंद ठिवनार न्हाई. गडी जित्ता असंल तर न्हाई."

मी गाडी काढली. मसूर, पुसेसावळी करत वडूजच्या रस्त्याला लागलो. एरवी हा माणूस वाटेतल्या प्रत्येक टॉवरचं नाव सांगतो. त्या दिवशी त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "दारात मानसं जमली असली तर गाडी लांब थांबवा." मी गाडीचा वेग वाढवला.

बिरूचं घर गावाबाहेर, मेंढरांच्या वाड्याशेजारी. दारात माणसं नव्हती. पण आवाज येत होता, आणि काय आवाज! आम्ही फाटकाशीच थबकलो. बिरू हवालदार आमच्याकडे पाठ करून, खांबावर चढलेल्या केबलवाल्यावर गरजत होते.

"रस्ता खांदताना वायर तुटली ते मला सांगू नगंस! टीव्ही बंद ठेव माझी, वरीसभर बंद ठेव! पर त्या डब्याची लाईन आत्ताच्या आत्ता जोड! आज तीन दिस झालं, उंब्रजचं काय कळंना मला! चा जात न्हाई रं नरड्याखाली!"

सुभेदारांनी टोपी डोक्यावर चढवली. सरळ केली. हात सावधानमध्ये शिवणीला लावले. आणि आवाज काढला, पण तो निम्मा फाटला.

"वडूज, वडूज. उंब्रज बोलतोय. उंब्रज ठीक. कॉपी?"

बिरूचा आरडाओरडा थांबला. खांबावरचा केबलवालाही थांबला. बिरू वळले नाहीत. खांद्यावरच्या घोंगडीचं टोक घेऊन त्यांनी तोंड पुसलं, मग परत पुसलं.

"कॉपी," ते पाठमोरेच म्हणाले. आणि घोंगडी सारखी करत, "ओव्हर म्हनाय इसरलास. म्हातारा झालायस गड्या."

मग ते वळले. पुढचं मी बघितलं नाही. माझ्याच चष्म्याची काहीतरी भानगड झाली होती.

सुनीतानं मला आत नेलं. डबा कोनाड्यात होता, खाली नवं फडकं, वर धूळ नाही. घरात एकच इन्व्हर्टर, तो पंख्याला नाही, डब्याला जोडलेला. तिनं लॅपटॉप उघडून एक फोल्डर दाखवलं. रोज सकाळची एक फाईल, हे तीन दिवस सोडले तर एकही दिवस चुकलेला नाही. प्रत्येकीत एक-एक ओळ.

उंब्रज ठीक. म्हैस व्याली. कॉपी?

उंब्रज ठीक. गुडघा लय धरलाय. कॉपी?

उंब्रज ठीक. सूनबाईला ऑर्डर आली म्हणं. देव पावला. कॉपी?

उंब्रज ठीक. चूक माझी. कॉपी?

ही शेवटची ओळ दर सोमवारी होती. सत्कार सोमवारी झाला होता.

"मामंजींना बारीक अक्षर दिसत नाही, मीच रोज वाचून दाखवते," सुनीता म्हणाली. "उत्तर देऊ का म्हटलं की गप बसतात. आणि एक दिवस फाईलला उशीर झाला की घरात कुणाला जेवू देत नाहीत." तिनं लॅपटॉप मिटला. चेहऱ्यावर राग नव्हता, साधं विचारावं तसं तिनं विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्ही त्यांच्या शेजारीच बसला होता ना?"

"हो," मी म्हणालो. आणि खाली बघितलं. वर्गात पकडलेली पोरं अशीच खाली बघायची.

सुभेदार तिथंच राहिले. निघताना मी गाडीत बसलो तर बाहेर दोघांचं भांडण चालू झालेलं, डब्याला पंखा लावायचा की नाही यावरून. "मास्तर," सुभेदारांनी खिडकीतून मान घातली, "उद्या सहाला चौकी तुमच्याकडं. वडूजला चेक द्या, म्हंजी 'उंब्रज ठीक' टाइप करा. अंघोळ करून."

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून गेलो. टोपी नव्हती, केस तरी नीट बसवले. वायर जोडली गेली होती, दिवा हिरवा होता. स्टुलावर बसून मी एका बोटानं लिहिलं. उंब्रज ठीक. मास्तर बोलतोय. सुनीताबाई, त्या दिवशी मला सगळं माहीत होतं, आणि मी हसलो. चुकलो. कॉपी?

काकूंनी चहा आणून ठेवला. मी तो घेतला नाही. ज्या शब्दावरून तीस वर्षं पोरांना बाकावर उभं केलं, त्याच शब्दाची वाट बघत मी त्या डब्यासमोर बसून राहिलो. चहावर साय धरली. स्वयंपाकघरात काकू मिक्सर लावायच्या थांबल्या होत्या.

मग फोल्डरमध्ये एक नवी फाईल आली. मी उघडली.

कॉपी, सर. चहा घ्या.