छत्रीवाल्या बाईचा तपास

भुतांवर पुस्तक लिहायचं ठरवलं, त्यात माझी काही चूक नव्हती. चूक झाली ती मुखपृष्ठावर 'सत्य घटना' असं छापायचा हट्ट धरण्यात. (ऑफिसात हेडक्लार्कसाहेबांना मी आधीच सांगून बसलो होतो आणि त्यांनी ते नोटीस बोर्डावर लावलंही होतं. आता माघार घ्यायची तर बदलीच मागून घ्यावी लागली असती.)

प्रकाशनाच्या संपादिकाबाई बारीक चणीच्या, बारीक आवाजाच्या आणि त्याहून बारीक नजरेच्या. माझ्या अकरा प्रकरणांचं बाड त्यांनी समासात प्रश्न लिहून परत केलं. 'भूत सव्वाचारला दिसले. घड्याळ कोणाचे? ते पुढे होते का?' 'रडण्याचा आवाज आला. आसपास मांजर होते का?' त्यांचा नियम साधा होता. प्रत्येक भुताला दोन साक्षीदार हवेत, त्यांना वेगवेगळं गाठून विचारायचं, आणि ज्याने स्वतः पाहिलं त्याच्यापर्यंत पोचायचं. ऐकीव भूत चालणार नाही. एक जरी टिकलं तरी त्याच्यावर पातळसं पुस्तक काढू म्हणाल्या, नाहीतर राम राम.

मी कामाला लागलो. महिन्याभरात दहा भुतं गळाली. एक खरंच मांजर निघालं, एक पाण्याचा पंप, आणि पुलाजवळ दिवा घेऊन फिरणारं भूत निघालं रिटायर्ड पोस्टमन. तो चांगला जिवंत होता आणि मी त्याचं मृत्यूचं साल विचारल्यावर चिडलाही.

उरली एकटी छत्रीवाली बाई, आमच्याच इमारतीच्या गच्चीवरची. पांढऱ्या केसांची, उंच. टाकीमागच्या खोलीत खोकते आणि भर उन्हात छत्री उघडून उभी राहते. तिच्या धाकाने गेली बारा वर्षं दुपारचं गच्चीवर कोणी फिरकत नाही. आमची ही तर मुळीच नाही. आमचे कपडे बाहेरच्या खोलीत दोऱ्यांवर वाळतात आणि पाहुणे माझ्या बनियनखालून वाकून सोफ्यापर्यंत पोचतात.

पण पाहिली कोणी? इतकी वर्षं हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि आता पडला तर जेवण गोड लागेना. रविवारी सकाळीच वही घेऊन खाली उतरलो.

"मी नाही पाहिली साहेब," वॉचमन म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वर जाऊ नकोस म्हणून."

दातांचे डॉक्टर पेपर वाचत होते. "मी? छे. मला आमच्या हिने सांगितलं."

"मला तुमच्याच घरून कळलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पांढरे केस तेवढे मी घातले. खोकते म्हटल्यावर म्हातारीच असणार ना?"

"आणि छत्री?"

"ती ह्यांची."

"उन्हात उभी राहते म्हटल्यावर छत्री नको?" डॉक्टरांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

मी घरी आलो. ही कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, गच्चीवरच्या बाईचं तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मी?"

"बारा वर्षांपूर्वी, मे महिन्यातला दुसरा रविवार. दुपारी अडीच वाजता मी कपड्यांची बादली घेऊन निघाले होते. तुम्ही जिन्यात आडवे आलात आणि म्हणालात, वर जाऊ नकोस, टाकीमागे कोणीतरी खोकतंय, लक्षण ठीक नाही."

सगळं आठवलं. रविवारी दुपारी घरात सापडलो की माझ्याकडून माळा आवरून घेतला जायचा, म्हणून टाकीमागच्या खोलीत मी एक गादी टाकून ठेवली होती. ती हिला सापडू नये म्हणूनच जिन्यात आडवा आलो होतो. खोकला माझाच. (धूळ फार होती तिथे.) दोन महिन्यांनी वॉचमनकडून पांढरे केस आणि छत्री कळल्यावर मीच घाबरून वर जायचं बंद केलं, आणि मग साफ विसरलो.

मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे बारा वर्षं मी हे ओले कपडे घेऊन..." माझ्या शर्टाची घातलेली घडी तिने मोडली आणि शर्ट माझ्या मांडीवर ठेवला. मला मनापासून लाज वाटली.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"ते लिहून घ्या वहीत," ती म्हणाली. "तारीख घालून."

संपादिकाबाईंपासून हे लपवावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या खणून काढणार हे माहीत होतं, म्हणून फोन केला. दुसऱ्याच दिवशी बाई हिला, म्हणजे दुसऱ्या साक्षीदाराला, वेगळं विचारायला घरी आल्या आणि मला गॅलरीत घालवून दार लावून घेतलं. अडीच तास मी आत हसण्याचे आवाज ऐकत उभा होतो. कोणत्या महिन्यात कोणी काय जोडलं, सगळं हिला तोंडपाठ.

"तुमचं भूत गेलं," बाहेर येऊन बाई म्हणाल्या. "पण भूत कसं जन्माला येतं आणि त्याला कोण पोसतं, हे तारीखवार सांगणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं."

पुस्तक निघालं. लेखिका म्हणून हिचं नाव आहे. हेडक्लार्कसाहेब पाच प्रती घेऊन सह्यांसाठी घरी आले, हिच्या. माझा उल्लेख नाही असं नाही. एकेचाळिसाव्या पानावर तळटीप आहे: 'खोकला आपलाच होता असे या गृहस्थांचे म्हणणे आहे. दुसरा साक्षीदार न मिळाल्याने ते ग्राह्य धरलेले नाही.'