पहिल्या ओळीचा मान

कोणतीही संस्था कामाने मोठी होत नाही, नावांच्या क्रमाने होते. पिंपळगाव बसवंतच्या आमच्या द्राक्ष उत्पादक संघाला हे स्थापनेपासून ठाऊक आहे. म्हणूनच आमच्या निमंत्रणपत्रिकेत उद्घाटन कशाचं आहे ते शोधावं लागतं.

२००६ साली संघाने वेबसाइट काढली आणि तिच्या दारात रिव्हर्स प्रॉक्सी नावाचा सर्व्हर बसवला. (हा शिपाईच, फक्त चहा मागत नाही.) फोटो, रिपोर्ट अशा तयार फायली तो दारातूनच देतो, बाकीची मागणी आत पाठवतो. कोणत्या पत्त्याला काय द्यायचं याचे नियम तो वरून खाली वाचतो. पहिला लागू पडला की पुढचे बघत नाही.

आमची इंजिनिअर तेजस्विनी हिने हे नियम मंजुरीसाठी बैठकीत ठेवले. अध्यक्ष कारभारी अण्णांनी पहिली ओळ वाचली. तिथे द्राक्षांचे रिपोर्ट होते.

"आमचा फोटो कुठं हे?"

"सातव्या नियमात, अण्णा."

"सातव्या? उपाध्यक्षाच्या खाली?"

बैठक हळहळली. एकमताने दुरुस्ती झाली: कोणीही काहीही मागो, प्रथम अध्यक्षांचा फोटो.

"अण्णा, मग खालचे नियम चालणारच नाहीत," तेजस्विनी म्हणाली.

"चालतील ना! आपण कुणाला नाय म्हणलोय?"

त्याच आठवड्यात आमचा सभासद रंगनाथ याची द्राक्षं कोल्ड स्टोरेजमध्ये सौद्याची वाट बघत होती. फवारणीचा अंश उरलेला नाही, एवढा रिपोर्ट साइटवर बघून हॉलंडचा व्यापारी माल उचलणार होता. त्याने रिपोर्ट उघडला. हार घातलेले अण्णा आले. दरपत्रक उघडलं, पुन्हा अण्णाच. त्याने कळवलं, "गृहस्थ उत्तम दिसतात, पण आम्हाला द्राक्षं हवी होती." सौदा दुसरीकडे झाला आणि रंगनाथच्या मालाचे बेदाणे झाले. मला खरंच वाईट वाटलं.

वार्षिक अहवालात मात्र नोंद झाली की साइटवर आलेल्या शंभर टक्के लोकांनी अध्यक्षांचं दर्शन घेतलं. (इतर संघांची आकडेवारी उपलब्ध नाही.)

सर्वसाधारण सभेत रंगनाथ उठला. सगळे चपापले.

"माझा माल गेला, जाऊ द्या. पण मी लय जुना सभासद हे. अण्णांच्या खाली माझा फोटो का नाय?"

मागणी रास्त होती. दुसऱ्या नियमात रंगनाथचा फोटो बसला. तो आजतागायत कोणालाही दिसलेला नाही, पण रंगनाथ समाधानी आहे.

तुम्हाला हसू येत असेल. जरूर हसा. फक्त एवढं सांगा, घरातली शेवटची लग्नपत्रिका हातात पडली तेव्हा तुम्ही आधी काय शोधलंत, मुहूर्त की स्वतःचं नाव?