बंबाला लावलेला पंखा

साडूपेक्षा मी कशातही कमी नाही, हे त्या रविवारी मी दाखवून देणारच होतो!

आमचे साडू धनाजीराव विदर्भातल्या कोळशावरच्या वीज केंद्रात बॉयलरवर आहेत. आमच्या बायकोला, संजीवनीला, तेवढं पुरतं. आमच्या वेल्ह्यात लाईट आली की म्हणते, "दाजींनी सोडली!" गेली की मात्र माझ्याकडे बघते. माझं वायरिंगचं दुकान आहे, पण त्याचं तिला काही नाही. मी जळतो. आता लपवायचं कशाला, कोळशासारखा जळतो!

उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले. त्यांच्या अंघोळीचं पाणी असं तापवायचं, की संजीवनीनं एकदा तरी माझं कौतुक करावं, असं मी ठरवलं. नसरापूरच्या लोहाराकडून दगडी कोळसा आणि त्याच्या भट्टीचा विजेवरचा पंखा आणला. परसातल्या तांब्याच्या बंबात कोळसा पेटवला आणि पंखा खालून जोडला.

"ह्ये काय?" टॉवेल गुंडाळून आलेल्या धनाजीरावांनी विचारलं.

"आमचा बॉयलर!"

"पंखा जरा दमानं सोडा, पावणं. लई हवा न्हाई चालत."

पोटात दुखायला लागलं वाटतं यांच्या! मी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

बंब आधी घुमला. मग धुराड्यातून राख आणि काजळी अशी सुटली, की वाळत घातलेल्या आमच्या कुरडया, शेजारच्या ठकुबाईंच्या कुरडया आणि दोरीवरचा दाजींचा पांढरा सदरा, सगळं एका रंगाचं झालं!

"अवो, माज्या कुरडया!" संजीवनी ओरडली.

"आरं मुडद्या, बंद कर ते!" पलीकडून ठकुबाई.

मी घाबरून वरून धुराड्यातच बादलीभर पाणी ओतलं. उरलेली राख वाफेबरोबर माझ्या तोंडावर आली.

धनाजीरावांनी शांतपणे पंख्याची पिन काढली. "आमच्याकडं धुराड्याच्या आदी राख पकडायचं यंत्र असतंय," एवढंच म्हणाले आणि गार पाण्यानं अंघोळ करून आले.

"बगा! एका शब्दानं बोलले न्हाईत दाजी!" संजीवनी म्हणाली.

कोळसा माझा, पंखा माझा, आणि कौतुक परत त्यांचंच!

मला झाडू आणि ओलं फडकं मिळालं. आधी ठकुबाईंचं अंगण, मग आमचं. संध्याकाळी ठकुबाईंनी कुंपणावरून विचारलं, "काय गं, ह्यो अजून पुसतोयच व्हय?"

"व्हय! असलं राख पकडायचं यंत्र दाजींच्याकडं सुदिक न्हाई," संजीवनी म्हणाली. "नुसत्या चहावर चालतंय!"

मी फडकं पिळता पिळता हळूच धनाजीरावांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं! खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.