पांढऱ्या गाडीच्या मागोमाग

शहरातून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परत, अशी जेवढी म्हणून ठिकाणं आहेत ती मला तोंडपाठ आहेत. तलाव, टेकड्या, जुनं धरण, पक्षी बघायची पाणथळ जागा, काय हवं ते विचारा. ऑफिसात कुणाला सुट्टीचा बेत आखायचा असला की तो आधी माझ्या टेबलापाशी येतो. त्यातल्या बहुतेक ठिकाणी मी स्वतः गेलेलो नाही, हा भाग वेगळा. सगळीकडे स्वतः जात बसलं तर माणूस इतरांना सांगणार कधी?

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाई आमच्याकडे होत्या. दिवसभर खिडकीत बसून समोरच्या इमारतीचं पार्किंग बघून त्या अगदी विटल्या होत्या. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मला जरा पाणी बघायचंय. नळाचं नव्हे."

मी तिथल्या तिथे तलावाची सहल जाहीर केली. रस्त्याची काळजी नको, म्हणून छातीवर हात ठेवला. पण माझ्या मेहुण्याने तो तलाव खरोखर पाहिला होता, आणि एवढ्या क्षुल्लक कारणावरून बायकोने त्याची पांढरी गाडी पुढे ठेवायचं ठरवलं. त्याने शहराबाहेरच्या पेट्रोल पंपापाशी थांबायचं आणि आम्ही त्याच्या मागोमाग जायचं.

आम्ही पोहोचलो तर पंपाच्या कडेला पांढरी गाडी उभीच. मी हॉर्न वाजवून हात केला. पुढच्यानेही हात वर केला आणि गाडी सुरू केली. (तो ऊन अडवायला काचेवरची झडप खाली ओढत होता, हे फार नंतर कळलं.)

"हा माझा मुलगा नाही," मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. "तो इतक्या वेळेवर आयुष्यात कधी आलेला नाही."

माणूस सुधारतो, असं मी त्यांना समजावलं. बायकोने विचारलं, हा टोपी कधीपासून घालायला लागला? मी म्हटलं, टक्कल पडायला लागल्यापासून. तिने त्याला फोन लावला, तो काही उचलेना. गाडी चालवताना फोन घेत नाही, शिस्तीचा माणूस आहे, असं मी म्हणालो. लग्नानंतर मी मेहुण्याचं केलेलं हे पहिलंच कौतुक. ते असं वाया जायचं होतं.

पुढची गाडी एकदम जोरात निघाली. मीही वेग वाढवला. मग ती हळू झाली, मीही हळू झालो. तिने एका चौकाला उगाचच दोन प्रदक्षिणा घातल्या. तो आपल्याला गाव दाखवतोय, असं मी म्हणालो. ती भाजी बाजाराच्या बोळात शिरली, मी कोबीच्या पाट्या चुकवत मागे. ती भर उन्हात मोकळ्या मैदानात जाऊन उभी राहिली, तेव्हा मीही शेजारी थांबावं म्हणून वळलो, तर ती धूळ उडवत पळाली. मी प्रेमाने दिवे चमकवले. त्यावर तिने असा काही वेग घेतला की सासूबाईंनी पुढची सीट गच्च धरली आणि मुलाला लहानपणी जास्त मारायला हवं होतं, असं मत दिलं.

अखेर ती गाडी एका आवारात वळली. मी तिच्या मागे गाडी अशी लावली की तिला बाहेर पडायला जागा राहू नये. तेवढ्यात बायकोने पाटी वाचली. पोलीस चौकी.

पुढच्या गाडीतून टोपीवाला उतरला. मागोमाग छत्री उगारून त्याची बायको. मला बघताच तो दारातल्या शिपायाच्या पाठीशी गेला आणि तिथून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हाच तो."

टोपीवाल्याचं चष्म्याचं दुकान होतं. रोज दुकानात बसून कंटाळला, म्हणून बायकोला घेऊन जरा मोकळ्या हवेत निघाला होता. आणि पंपापासून एक गाडी हात धुऊन त्याच्या मागे लागली होती.

चौकीतल्या साहेबांनी मला बाकावर बसवलं आणि पाठलागाचं कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. मेहुणा समजून.

"मेहुण्याच्या मागे कुणी एवढं लागतं?" साहेब म्हणाले. त्यांचा बहुधा स्वतःचा काही अनुभव असावा, कारण त्यांचा संशय उलट वाढला. तुमचा भाऊ मग आहे कुठे, असं त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. नेमका तेव्हाच तिचा फोन वाजला. साहेबांनी खूण केली, तिने स्पीकर लावला.

"ताई," पलीकडून मोठ्ठी जांभई ऐकू आली, "आज किती वाजता निघायचंय गं?"

दुपारच्या जेवणाची वेळही टळून चालली होती. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. शिपाई हसू आवरायला बाहेर गेला. चष्मेवाल्याच्या बायकोने छत्री खाली केली.

सासूबाई मात्र केव्हाच मागच्या व्हरांड्यात पोहोचल्या होत्या. तिथून त्यांनी हाक मारली. चौकीच्या मागे एक तळं होतं, काठाला जप्त केलेल्या मोटारसायकली गंजत पडलेल्या आणि मध्ये चार बदकं. त्यांनी खुर्ची मागवली, पाय लांब केला आणि डबे उघडायला लावले. उकडलेली अंडी साहेबांनाही पोहोचली. चष्मेवाल्याच्या बायकोच्या आईचंही गुडघ्याचंच ऑपरेशन झालेलं निघालं, मग काय विचारता! चष्मेवाला एकटा माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला.

निघताना नवी अडचण आली. जीव वाचवायला त्याने इतकी वळणं घेतली होती की परतीचा रस्ताच त्याला ठाऊक नव्हता. साहेबांनी त्याला आमच्या मागे यायला सांगितलं. मला म्हणाले, नीट घेऊन जा.

आता कुणीतरी माझ्या मागे येणार म्हटल्यावर माझा ऊर भरून आला. मोठा रस्ता सोडून मी एक जवळची वाट धरली. ती शेतातून गेली, ओढ्यातून गेली, आणि एका वीटभट्टीच्या ढिगापाशी संपली.

चष्मेवाला उतरून माझ्या खिडकीशी आला. आता त्याची भीती पार गेली होती.

"भाऊ, मी सकाळी घाबरून रस्ता चुकलो," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही कशानं चुकलात?"

तोवर बायको उतरून त्याच्या गाडीत जाऊन बसली. पाठोपाठ गुडघा सांभाळत सासूबाई, त्यांच्या मागून रिकामे डबे. पांढरी गाडी वळून निघाली.

मीही मुकाट्याने तिच्या मागे लागलो. आता निदान त्या गाडीत आमची माणसं होती.