भेकररावांचा ब्रेक

एका जंगलात, बाळांनो, जिकडे पाहावं तिकडे चढ, नाहीतर उतार. तिथे भेकरराव नावाचे एक भेकर राहायचे. स्वभावाने सज्जन. म्हणजे इतके भिडस्त, की पायावर कुणी पाय दिला तर हेच माफी मागायचे.

त्यांच्याकडे एक जुनी मोटार होती. भेकरीणबाईंचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टर हत्तीणबाईंचा दवाखाना पडला घाटाखाली. मोटारीचा ब्रेक तीनदा दाबल्याशिवाय लागेना. म्हणून भेकररावांनी ती तरसशेठच्या वर्कशॉपमध्ये टाकली.

चार दिवसांनी मोटार मिळाली, चकाचक धुऊन. काउंटरवर एक पोपट होता. तो म्हणाला, "ब्रेकचं काम एक नंबर झालंय सर. सहा महिन्यांची वॉरंटी. या फॉर्मवर तेवढे गुण द्या."

"एकदा चालवून बघतो की."

"बघा ना, निवांत बघा. पण आधी दहापैकी दहा द्या सर. नऊ आले तरी शेठ माझी पेरूची फोड बंद करतात."

पोपटाने असा काही केविलवाणा चेहरा केला, की भेकररावांना गलबलून आलं. त्यांनी दहा दिले. शिवाय खाली 'अत्यंत समाधानी' असं लिहिलं. रकाना रिकामा ठेवणं बरं दिसलं नसतं.

पहिल्याच उतारावर ब्रेक लागला नाही. पूर्वी तिसऱ्या खेपेला तरी लागायचा. आता सात वेळा दाबला तरी ढिम्म! मोटार करवंदीच्या जाळीत घुसली म्हणून भेकरराव वाचले. अंगभर काटे घेऊन त्यांनी ती ढकलत ढकलत वर्कशॉपला नेली.

तरसशेठ हसले. त्यांनी मोटार आपल्या अंगणात चार हात चालवली. साऱ्या जंगलात तेवढीच जागा सपाट होती, आणि तीही शेठनी मुद्दाम करून घेतलेली. मोटार बरोबर थांबली.

"बघा, ब्रेक ठणठणीत!"

"पण शेठ, उतारावर लागत नाही हो."

"वॉरंटीत उताराचं कुठं लिहिलंय? आणि तुम्ही तर अत्यंत समाधानी!" असं म्हणून शेठनी तो फॉर्म भेकररावांच्या नाकासमोर धरला.

भेकररावांच्या ओठांवर एक सणसणीत शिवी आली होती. खरंच आली होती. पण तेवढ्यात शेठनी चहा मागवला. ज्याचा चहा प्यायचा, त्याला शिवी कशी द्यायची? भेकररावांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारून संपवला आणि मोटार तिथेच ठेवून पायी घरी आले.

"भांडलात का?" भेकरीणबाईंनी विचारलं.

"अगं, त्यांनी चहा दिला."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

तिसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. मोटार नाही, म्हणून दोघं पायीच घाट उतरू लागली. निम्म्या घाटात, भर उन्हात, एका झुडपाआड पाडस जन्माला आलं. बाळ-बाळंतीण वाचली ती निव्वळ नशिबाने. वर्कशॉपचा त्यात काडीचा वाटा नव्हता. तरी चौकात भला मोठा फलक लागला: 'आमच्या अत्यंत समाधानी ग्राहकास पुत्ररत्न! शुभेच्छुक : तरसशेठ.' पाठोपाठ भेकररावांचा जाहीर सत्कार झाला आणि त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं.

घरी आल्या आल्या भेकरीणबाईंनी विचारलं, "बोललात का एकदाचं?"

"बोललो की. आभार मानले."

"आभार?"

"अगं, खांद्यावर त्यांचीच शाल. दुसरं काय बोलणार?"

बाईंनी पाडसाला जवळ ओढलं आणि त्याला पहिला शब्द शिकवायला बसल्या.

"म्हण बाळा, 'नाही'."

तात्पर्य : बाळांनो, कधी कुणाशी भांडू नये. भांडणाऱ्याला फार तर ब्रेक दुरुस्त करून मिळतो. गप्प बसणाऱ्याला शाल मिळते, नारळही मिळतो.