तातायांच्या टाकीची वात

“हे बघ, वात फार घट्ट कोंबायची नाही आणि फार विरळही ठेवायची नाही. खरं म्हणजे तू हातच लावू नकोस. दुकानात ने, ते बदलून देतील.” जहाजावर परत जाताना नवऱ्याने, रोनेलने, हे विमानतळावर दोनदा सांगितलं होतं. जेनिलिनने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. जी बाई एका हाताने भात ढवळत दुसऱ्या हाताने तान्ह्या पोरीचा डायपर बदलते, तिला कापूस आणि गळती या विषयावर एका खलाशाने शिकवावं?

विषय होता सासऱ्यांच्या व्हेपचा. सासरे म्हणजे फिलेमोन. घरीदारी सगळे त्यांना ताताय, म्हणजे बाबा, म्हणतात. त्यांनी फिलिपिन्समधल्या इमुसच्या रस्त्यांवर जीपनी, म्हणजे प्रवाशांची लांबट जीप, चालवण्यात जन्म काढला, आणि जीपनीच्या नळीपेक्षा त्यांच्या नाकातून जास्त धूर निघायचा. मागच्या वर्षी छातीत कळ आली. डॉक्टरांनी फोटो काढला, आणि तो बघून सिगरेटचं नावसुद्धा काढू नका म्हणाले. मग नात झाली. तिला हातात घेऊन तातायांनी शपथ घेतली की सिगरेट बंद. रोनेलने लगेच व्हेप आणून दिला. वर काचेची टाकी, तिच्या पोटात तारेचं वेटोळं आणि वेटोळ्यातून ओवलेली कापसाची वात. वातीने टाकीतला सुगंधी रस शोषायचा, तारेने तापायचं, तातायांनी वाफ ओढायची. तार टिकते, पण वात मात्र आठवड्याला बदलावी लागते.

काम एवढंसंच. पण त्या एवढ्याशा वातीला तातायांची छाती टांगलेली होती. कारण गल्लीच्या तोंडाशी आलिंग पासिंग नावाच्या बाईचं दुकान आहे. तिथे सुटी सिगरेट मिळते आणि खिडकीला दोरीने लायटर बांधलेला असतो. निश्चय डळमळलेल्या माणसाला काडीपेटी शोधेपर्यंतही विचार करायला वेळ मिळू नये, अशी चोख सोय. म्हणून जेनिलिन धुणं काढताना तातायांचे शर्ट आधी हुंगायची आणि मग बादलीत टाकायची. आहारशास्त्राची पदवी तिला इथे उपयोगी पडली नाही. नाक पडलं.

पोरीच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी टाकी जराशी गळली. जेनिलिनने निदान केलं की गळतंय म्हणजे कापूस कमी आहे. डायपरचंही तसंच असतं. तिने जुनी वात उपटली आणि उशीत भरावा तसा कापूस ठासून भरला. टाकी उलटी केली, थेंब नाही. झटकली, थेंब नाही. तिने ती तातायांच्या हातात अशी ठेवली की जणू पदकच देतेय.

तातायांनी झुरका घेतला. मग त्यांचे डोळे मोठे झाले, मान ताठ झाली आणि खोकला असा सुटला की शेजारचा कोंबडा आरवायचा थांबला. घट्ट कोंबलेल्या कापसात रस चढलाच नव्हता. तारेने सुका कापूस जाळला होता.

“कसं वाटलं, ताताय?”

“पोरी, कुणाची गादी पेटलीय का बघ.”

“पहिला झुरका तसाच लागतो.”

“बरं. दुसरा तू घे.”

एवढं बोलून त्यांनी खिडकीतून गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. नुसतं बघितलं. पण जेनिलिनने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

सकाळी घरात नुसती धांदल होती. पोरीचा झगा, मेणबत्त्या, पाहुण्यांसाठी पान्सितच्या शेवया. त्यातच तिने वात दुसऱ्यांदा घातली. घट्टचा धडा ती शिकली होती, त्यामुळे या वेळची वात कोळ्याच्या जाळ्याइतकी तलम. तातायांनी झुरका घेतला आणि डोळे मिटले.

“आता कसं?”

“लोणी.”

लोणी पांढऱ्या शर्टाच्या छातीवरच्या खिशात गेलं, नात त्याच बाजूच्या हातावर बसली आणि मंडळी चर्चला निघाली.

चर्चच्या दारात पोरीची धर्ममाता कोरा उभी होती. कोरा म्हणजे स्वतःची चार पोरं वाढवून उरलेल्या वेळात गावाची वाढवणारी बाई. तिने लांबूनच हाक दिली. “जेनिलिन, पोरीने आजोबांना आंघोळ घातली बघ.”

तातायांच्या छातीवर बशीएवढा ओला डाग होता. जेनिलिनने पोरीला बाकावर आडवं केलं आणि डायपर उघडला, तर तो कोरडा ठणठणीत. तरी बदलला. पोर पुन्हा आजोबांकडे गेली. तेवढ्यात डाग ताटलीएवढा झाला. पुन्हा डायपर उघडला, तोही कोरडा.

“पोर कोरडी आणि आजोबा ओले,” कोरा म्हणाली. “हे मी चार पोरांत पाहिलं नाही.” मग तिने डागाला नाक लावलं. “अगं, स्ट्रॉबेरीचा वास येतोय. या वयात काय चारतेस गं तिला?”

“मी काही नाही चारलं, ताई.”

“मग पोटात वायू धरलाय. थांब, माझ्याकडे मान्सानिल्याचं तेल आहे.” आणि बाटली उघडून तिने पोरीचं पोट चोळायला घेतलंसुद्धा.

जेनिलिन मात्र जागच्या जागी थिजली होती. स्ट्रॉबेरी. विरळ वातीला रस धरवला नव्हता. सगळी टाकी खिशात रिकामी झाली होती. त्या रसात निकोटिन. आणि त्या खिशाला टेकून तिची लेक.

यानंतर तिने काय केलं हे तिला नीटसं आठवत नाही, पण गावाला चांगलं आठवतं. तिने कोराच्या हातातून पोर हिसकली, चर्चच्या आवारातला नळ सोडला आणि पोरीला गालापासून टाचेपर्यंत खसाखसा धुतलं. झगा निघाला, मोजे निघाले. पोरीने असा टाहो फोडला की आधीच्या बाप्तिस्म्याचे लोक अर्ध्यातून बाहेर आले. त्यांच्या मागोमाग पाद्री आले.

“बाळे,” ते शांतपणे म्हणाले, “हे काम आज माझ्याकडे होतं ना?”

देवाची कृपा इतकी की रस फक्त झग्याच्या बाहीला लागला होता, कातडीला शिवला नव्हता. पोर भूक लागल्यासारखी रडत होती, म्हणजे ठीक होती. कोराच्या शालीत गुंडाळून तिचा दुसऱ्यांदा बाप्तिस्मा झाला. टाकी जेनिलिनने मोज्यात बांधून पर्सच्या तळाशी कोंबली.

मग फोटोसाठी सगळे उभे राहिले आणि लक्षात आलं की ताताय नाहीत.

व्हेप तिच्या पर्समध्ये. म्हणजे त्यांच्या हाताशी काहीच नाही. ती फोटोतून निघाली ती पोरीला खांद्यावर टाकून सरळ चर्चच्या मागे, मेणबत्त्या विकणारीच्या टपरीपाशी. तिथे फिलेमोन ताताय डागाळलेल्या शर्टात उभे होते. बोटांत पेटलेली सिगरेट.

“ताताय.”

ते दचकलेही नाहीत. “एकच झुरका घेतला.”

“शपथ घेतली होती तुम्ही. हिला हातात घेऊन.” तिने पोर त्यांच्यासमोर धरली. “तो छातीचा फोटो विसरलात?”

“ऐकून तर घे. झुरका घेतला आणि चव कसली आली सांगू? गादी. तुझी कालची जळकी गादी.” त्यांनी सिगरेटकडे असं बघितलं की जणू जुन्या मित्राने फसवलं. “कालपासून तोंडात बसलीय ती. कॉफीतही तीच, भातातही तीच, आणि आता हिच्यातही. ओढवतच नाही गं.” आणि त्यांनी सिगरेट मेणबत्त्यांच्या वाळूत खुपसली.

रडावं की अपमान मानावा हे जेनिलिनला ठरवता आलं नाही. तिने दोन्ही केलं.

जेवणावळीत तातायांनी ही कथा तीन पंगतींना सांगितली. कोराने नवऱ्यासाठी तसलीच घट्ट वात मागितली. रोनेलचा जहाजावरून फोन आला.

“दुकानात ने म्हटलं होतं ना मी?”

“दुकानात नेलं असतं तर तुझे वडील अजून ओढत असते,” जेनिलिन म्हणाली, आणि तिने पान्सित दुसऱ्यांदा वाढून घेतला.

तेवढ्यात बर्फ संपला. “मी आणतो,” म्हणत ताताय चपला घालून निघाले. बर्फ आलिंग पासिंगकडेच मिळतो.

ते गेले त्यानंतर लुम्प्यांच्या तळलेल्या गुंडाळ्या संपल्या. गाणी झाली. कोला कोमट झाला. बर्फाची पिशवी आणायला एवढा वेळ लागत नाही. जेनिलिनला उठता येत नाहीये, कारण दोनदा न्हाऊन दमलेली पोर आत्ता कुठे तिच्या खांद्यावर झोपलीय, आणि जरा हललं तरी डोळे उघडते. तेव्हा तुम्ही गल्लीच्या तोंडाकडे निघाला असाल तर तिचं एवढं काम करा. काही बोलू नका, विचारू नका. एका हातात बर्फाची पिशवी आहे ना, एवढं बघा. आणि मग दुसऱ्या हातात काय आहे, तेही.