गफूरचाचांचा सॅमनशी उभा दावा

माणसानं भांडावं, पण निदान जिवंत कोणाशी तरी भांडावं. आमचे गफूरचाचा दर शनिवारी सुपरमार्केटात जातात आणि बर्फावर आडव्या पडलेल्या सॅमनशी भांडतात.

"हा कुठल्या नदीतला?"

"सर, नॉर्वे," काउंटरवरचा मल्याळी गृहस्थ दर शनिवारी तेच सांगतो.

"नॉर्वे देश झाला. मी नदी विचारली, नदी!"

"सर, फार्म."

"म्हणजे पिंजऱ्यातला! समुद्रातून उलटं पोहत नदी चढतो तो सॅमन. ह्यानं जन्मात नदी बघितली नाही आणि ह्याला सॅमन म्हणता? लाज आहे का?"

हे 'लाज आहे का' माशाला असतं, त्या गृहस्थाला असतं की ट्रॉली धरून शेजारी उभ्या असलेल्या मला, ते मला आजवर कळलेलं नाही. मी आपली टोमॅटोकडे बघते.

अजमानमध्ये आमच्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये चाचा एकटे राहतात. गाव रायगडात, सावित्री नदीच्या काठी. चाची तिकडेच असतात. चाचा दुबईतल्या एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत आणि माझं ऑफिस त्याच रस्त्यावर, म्हणून रोज सकाळी माझ्या गाडीत, माझ्या शेजारी, तास-दीड तास त्यांचा संताप बसलेला असतो. विषय काढतात, तावातावानं बोलतात, मग "खलास! विषय संपला!" म्हणून जाहीर करतात आणि पुढच्या सिग्नलला तोच विषय पुन्हा सुरू.

बरं, नुसता संताप असता तर मी म्हणाले असते, चालायचंच. पण त्यांना सुट्टीच्या दिवशी इथल्या खाडीवर गळ टाकून बसायचा नाद आहे, आणि तो गळ दोनदा माझ्या ओढणीत अडकलाय. लिफ्टला त्यांच्या बादलीचा वास येतो आणि वॉचमन बघतो माझ्याकडे. त्यांचा फ्रीज बिघडला तेव्हा आमिषाची कोळंबी माझ्या फ्रीजरमध्ये ठेवली होती. माझ्या नवऱ्यानं कौतुकानं तिचा भात केला. आम्ही दोघांनी चाटूनपुसून खाल्ला. चाचांना कळलं तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, "आमिष खाल्लंत? आता मासे काय तुमच्या नावानं गळाला लागणार?" आमचं पोट बिघडलं का, हे विचारायचं सौजन्य नाही!

चाचांच्या मते जगात खरा मासा एकच, जिताडा. तोही समुद्रातून खाडीत आणि खाडीतून नदीत येणारा, म्हणून सॅमनला ते जिताड्याचा गोरा चुलतभाऊ म्हणतात आणि त्याचा अपमान त्यांना घरचा अपमान वाटतो. जिताड्याची गोष्ट निघाली की एक गोष्ट हमखास निघते. सहा वर्षांपूर्वी सुट्टीत चाचांच्या गळाला कमरेएवढा जिताडा लागला. पोटात गाबोळी ठासून भरलेली. काठावर त्यांचा एकुलता एक मुलगा इम्तियाज जाळी धरून उभा. त्यानं मासा जाळीत घेतला, गळ काढला आणि सरळ नदीत सोडून दिला. म्हणाला, "अब्बा, अंड्यांवर आहे ती. जाऊ दे."

"गाबोळीसकट!" चाचा इथं डॅशबोर्डवर हात आपटतात. "गाबोळीसकट सोडला गो! अख्खा गाव बघत होता. मी बोललो त्याला. चार लोकांसमोर बोललो. तुझ्या हातून आयुष्यात काही धरलं जायचं नाही, म्हटलं. चूक बोललो?"

इम्तियाज तेव्हा एकोणतीस वर्षांचा इंजिनियर होता. दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेला, तो स्कॉटलंडला. चाचींशी रोज बोलतो. बापाशी सहा वर्षांत एक शब्द नाही.

आणि मग या फेब्रुवारीत त्याचा मेसेज आला. व्हिडिओ होता. काळंभोर पाणी, दगड, आणि धबधब्यावर उड्या मारणारे हे एवढाले सॅमन. खाली लिहिलेलं, 'अब्बा, इकडे या. नदी आहे. दिवसाचा पास काढावा लागतो आणि धरलेला मासा परत सोडावा लागतो. बाकी सगळं तुमच्या आवडीचं आहे.'

मला वाटलं, म्हातारा विरघळेल. कसलं काय! महिनाभर गाडीत नुसता वणवा.

"नदीला तिकीट! नदी काय सिनेमा आहे?" पौंडांचे दिरहम, दिरहमचे रुपये मोठ्यानं करून झाले.

"इथंही परवाना लागतोच की. तुमच्याच खिशात आहे."

"इथं समुद्र आहे. समुद्र सरकारचा. नदी अल्लाची! आणि धरलेला मासा सोडायचा? त्याचं तोंड फाडायचं, फोटो काढायचा आणि सॉरी म्हणून परत पाठवायचं? ही माशाची चेष्टा आहे. मी नाही जाणार. खलास!"

एका सकाळी माझं डोकं सटकलं. म्हटलं, "चाचा, सहा वर्षांनी पोरानं हाक मारली आणि तुम्ही उत्तर देत नाही? मासा मोठा की मुलगा? लाज आहे का?"

त्यांचंच वाक्य त्यांना परत मिळालं. चाचा पुढचे तीन दिवस मागच्या सीटवर बसले, टॅक्सीत बसल्यासारखे. मीही पेटलेले होते, आरशातसुद्धा बघितलं नाही.

शनिवारी दुपारी चाचींचा गावाहून फोन आला. "बघ ना गो बाय, इम्तियाज विचारतो, अब्बा येणार का नाही. व्हिसाचे कागद करायला हवेत. ह्यांना विचारलं की फोन ठेवतात. तू जरा झाड त्यांना." मला तेवढंच हवं होतं. तरातरा खाडीवर गेले.

चाचा नेहमीच्या दगडावर, माझ्याकडे पाठ करून. गळाला इकडचा शेरी मासा लागलेला, चांगला हातभर. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी दोन्ही हात पाण्यात बुडवले. ओल्या हातांनी मासा अलगद धरला, गळ काढला, त्याचं तोंड पाण्याच्या ओढीकडे करून थांबले आणि बोटं सैल केली. मासा गेला. बादलीकडे बघितलं तर ती कोरडी ठणठणीत.

"चाचा?"

ते दचकले. मग चोरी पकडल्यासारखं हसले. "चौदा सोडून झाले," म्हणाले. "इंटरनेटवर लिहिलंय, हात ओले करूनच धरायचा, नाहीतर त्याची कातडी सोलते, आणि दहा सेकंदांत परत पाण्यात गेला पाहिजे. पहिल्या दिवशी मला अर्धा मिनिट लागला. बोटं वळत नाहीत गो आता. तिथं त्याचे दोस्त असतील. अब्बांना मासा सोडता येत नाही, असं व्हायला नको."

"म्हणजे तुम्ही जाणार आहात! मग महिनाभर माझं डोकं का खाल्लंत?"

ते पाण्याकडे बघत राहिले. "त्या दिवशी त्यानं हात ओले केले होते," म्हणाले. "जिताडा सोडायच्या आधी. मी बघितलं होतं. एवढ्या मायेनं धरला होता त्यानं. तरी चार लोकांसमोर बोललो."

मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. "फोन लावा त्याला. आत्ता."

"तुझ्या फोनवरून लाव. माझा नंबर बघून नाही उचलला तर?"

"त्यानंच बोलावलंय ना तुम्हाला!"

"बोलावलंय. पण महिनाभर मी उत्तर कुठं दिलंय?"

मी काही ऐकलं नाही. त्यांच्याच फोनवरून लावला आणि स्पीकरवर धरला, कारण त्यांचे हात ओले होते. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"अब्बा?"

चाचांनी घसा खाकरला. मग एकदम आवाज चढला.

"नदीला तिकीट लावता रे? लाज आहे का तुम्हाला?"

मी कपाळावर हात मारला. मग तिकडून हसण्याचा आवाज आला, मध्येच अडकलेला.

"काढून ठेव," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज आता पार खाली आला होता. "एका दिवसाचं नको. मला जमायला वेळ लागतो. आठवड्याचं काढ."

मी फोन तसाच धरून उभी राहिले. हात भरून आला, पण दोघांपैकी कोणी ठेवायला तयार नव्हतं.